एकतीस डिसेंबरला सोडलेली नोकरी

औंढे,
९ जानेवारी २०२४

समीक्षे,

फोनच करनार होते. पन फोनवर तुझं "हां मावशी, बोल" चालू आसतं आन् मागनं तुझे साहेब हाका मारत्यात, मग मला काय सांगायचंय तेच इसरतं. कागदावर लिवलं की डोकं ठिकानावर राहातं. तू पन सावकाश वाच.

हितं सगळं बरं हाय. तुझे काका टेम्पोचं पासिंग करायला दोन दिस खेटे घालत्यात. माझी कंबर हाय तशीच.

तर गोष्ट अशी. चार दिसांमागं निलेश सर लाँड्रीत आले. रिसॉर्टचे मॅनेजर, ते कधी खाली येत न्हाईत, वाफ सोसत न्हाई त्यांना. हातात फॉर्मांचा गठ्ठा. म्हनले, "मावशींनो, खुशखबर. तुमचा सगळ्यांचा पीएफ काढून देतोय. सह्या करा, महिन्याभरात पैसे बँकेत."

सरूबाईनं इचारलं, "आन् आमचं काम?"

"काम हेच, जागा हीच, मशीन हेच. फक्त कागदोपत्री तुम्ही आता दुसऱ्या कंपनीच्या."

आमी आठजनी. सातजनींनी उभ्या उभ्या सह्या केल्या. सरूबाईच्या लेकीचं बाळंतपन तोंडावर हाय, तिनं पयली केली. मी म्हनलं, "सर, चष्मा घरी राहिला, उद्या करते." चष्मा माझ्या गळ्यातच लटकत व्हता. त्यांना दिसला आसंल, पन फॉर्म परत गठ्ठ्यात घातला.

मला पीएफमधलं येवढंच कळतं की २०१४ च्या नोव्हेंबरपासनं तो पगारातनं कापत्यात. बाकी सगळं इंग्रजीत. तू तर तळेगावला काशीद साहेबांच्या हापिसात हेच काम करतीस. किती कंपन्यांचे पीएफचे कागद तुझ्या हाताखालनं जात्यात. म्हनून तुला इचारते, दुसऱ्या कुनाला न्हाई. करू का सही?

तुझी मावशी,
रंजना

*

तळेगाव दाभाडे,
१५ जानेवारी २०२४

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पुढचं घरच्या पत्त्यावर पाठव, इथे टपालात मिसळून जातं.

घाबरण्यासारखं काही नाही. कंपनी बदलली की जुन्या नोकरीची शेवटची तारीख टाकतात आणि नवीन सुरू होते. असे फॉर्म आमच्याकडे रोज येतात. फक्त एवढं बघ की आधार, बँक आणि पीएफ, तिन्हीकडे तुझं नाव एकसारखं आहे. "रंजना" आणि "रंजनाबाई" असा फरक निघाला तर क्लेम परत येतो. मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. कुणी ओटीपी मागितला तर तो निलेश सरांनाही द्यायचा नाही.

फॉर्म चुकीचे भरलेले नसतील, ते काम तिथलं व्यवस्थित होतं. सही केलीस तरी चालेल.

मार्चअखेर जवळ येत असल्यामुळे इथे श्वास घ्यायला वेळ नाही. साहेब म्हणतात, यंदा मला क्लायंट्सच्या प्रश्नांची उत्तरं पूर्णपणे सांभाळायला देणार. पगारही वाढेल. ताई म्हणून अपेक्षाच्या कॉलेजची फी मलाच बघायची, ती त्यातून निघेल. कमरेला शेक घेत जा.

तुझी,
समीक्षा

*

औंढे,
२ फेब्रुवारी २०२४

समीक्षे,

मी सही केली न्हाई.

तुझं पत्र आलं तवा करनारच व्हते. तू सांगितलं म्हंजी झालं. निलेश सरांकडं फॉर्म मागितला, म्हनलं आता चष्मा हाय. टेबलावर बसून एकेक अक्षर लावत वाचला. इंग्रजी आकडे तर मला येत्यात. नोकरी सोडल्याची तारीख, ३१-१२-२०२३. खाली कारन लिवलंय, त्याचा अर्थ मी रिसेप्शनच्या रुपालीला इचारला. ती म्हनली, "मावशी, 'स्वखुशीने' असं आहे."

आता तू मला सांग. एकतीस डिसेंबरला मी सकाळी आठला आत गेले. सगळ्या खोल्या भरलेल्या, लॉनवर पार्टी. दोन पाळ्या सलग केल्या. आन् एक तारखेला, म्हंजी मी स्वखुशीनं नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या दिशी, आमी आठजनींनी तीनशेच्या वर चादरी धुतल्या. कुनाकुनाच्या काय काय सांडलेल्या. हात सोलले. मग त्या धुतल्या कुनी?

सव्वीस जानेवारीला आमाला झेंड्यापाशी उभं करून स्टीलचा डबा आन् एकेक सर्टिफिकेट दिलं. टाळ्या वाजवल्या. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली, कारन नऊ वर्सांत कधी डबा दिला न्हाई.

पन खरं सांगायचं ते हे न्हाई.

फॉर्मच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मराठीत बारीक लिवलंय. "१७. रंजना केदारी, औंढे." त्या औंढेमधल्या ढच्या पोटात एक ठिपका हाय. तुझ्या आईच्या आजारपनात तू चार वर्सं माझ्याकडं व्हतीस. मी तुझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. ढच्या पोटात तू ठिपका द्यायचीस, त्याला उपाशी ठेवायला नको म्हनून. लाख वेळा खोडला मी तो. तुझ्या दिवाळीच्या आन् आत्ताच्या, दोन्ही पत्रांवर माझा पत्ता लिवलाय, तितं पन त्यो हाय. फॉर्म घरी आनला आन् तिन्ही कागद शेजारी शेजारी ठिवून बसले व्हते.

समीक्षे, माझा राजीनामा तू लिवलास का?

रंजना

*

तळेगाव,
१० फेब्रुवारी २०२४

मावशी,

हो. मी लिहिला.

आता सगळं सांगते. सांगून झाल्यावर तू काय म्हणशील ते ऐकायची तयारी आहे.

तुमचं रिसॉर्ट काशीद साहेबांचं क्लायंट आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांचा ईमेल आला. प्रश्न असा होता: आमच्या त्रेचाळीस माणसांना तीन छोट्या कंपन्यांत वाटलं आणि प्रत्येकीत वीसपेक्षा कमी माणसं दाखवली (पीएफ वीस माणसांपासून लागू होतो), तर पीएफ भरावा लागेल का? असे प्रश्न आमच्याकडे महिन्याला चार तरी येतात. खरं उत्तर दोन ओळींचं आहे. जागा तीच, मालक तोच, काम तेच, तर नावं कितीही बदला, ते एकच धरलं जातं. आणि एकदा पीएफ लागू झाला की माणसं कमी झाली म्हणून तो सुटत नाही. मी तसंच टाइप केलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "नाही म्हणायचे पैसे आपल्याला कोणी देत नाही, समीक्षा. उत्तर बदल."

मी बदललं.

मग त्रेचाळीस नावांची यादी आली. सतरावं नाव तुझं. पेन थांबलं होतं माझं, हे खरं आहे. पण थांबलं आणि पुन्हा चालू लागलं, हेही खरं आहे. मनाला सांगितलं, मावशीचं काम तर राहणारच आहे. तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. तरी "सही केलीस तरी चालेल" असं लिहिलं. ऑफिसच्या पत्त्यावर पत्र नको म्हणाले, त्याचंही कारण तेच.

आणि जे तुला कोणीच सांगितलं नाही ते आता ऐक. पीएफच्या वर्गणीचा एक भाग पेन्शनकडे जातो. नोकरीची दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिन्याची पेन्शन, मरेपर्यंत, आणि नंतर काकांना. साडेनऊ वर्षं झाली तरी दहाच धरतात. नोव्हेंबर २०१४ पासून ३१ डिसेंबरपर्यंत तुझी झाली नऊ वर्षं दोन महिने. चार महिने कमी. त्या फॉर्मवर सही करून पैसे उचलले की ती नऊ वर्षं पुसली जातात. पुढच्या कंपनीत पीएफच नाही, म्हणजे पुन्हा मोजायला सुरुवातही नाही.

तुमची पेन्शन बुडवावी असा कोणाचा डाव नव्हता, मावशी. त्यांना फक्त स्वतःची वर्गणी वाचवायची होती. तुमच्या पेन्शनचा कोणी विचारच केला नाही. मीही नाही.

सही करू नकोस. बाकीच्यांनाही सांग. ज्यांचे पैसे अजून आले नाहीत त्यांना क्लेम मागे घेता येईल.

समीक्षा

*

औंढे,
१८ फेब्रुवारी २०२४

समीक्षे,

तुझं पत्र चुलीत घालनार व्हते. घातलं न्हाई, कारन त्यात कामाचं लिवलंय.

तुझ्यावर मला काय वाटतं ते मी आत्ता लिवनार न्हाई. त्याला टाईम न्हाई.

सोमवारपासनं गेटवर अंगठ्याचं नवीन मशीन बसवलंय. सगळ्यांचा अंगठा घेतं, माझा घेत न्हाई. वॉचमन अंबाजी म्हनला, "मावशी, तुमचं नावच न्हाई यात. वरून सांगितलंय, सही केल्याबिगर आत सोडायचं न्हाई." म्हनलं, नको सोडू. मी गेटाबाहेरच्या दगडावर बसले. आठ ते पाच. डबा तितंच खाल्ला. दुसऱ्या दिशी पन गेले. आता सा दिस झाले. वहीत रोजची तारीख आन् येळ लिवते आन् अंबाजीची सही घेते. पयल्या दिशी त्यो घाबरला. मी म्हनलं, "मी आले व्हते का न्हाई? खोटं लिवायला सांगते का?" मग केली बिचाऱ्यानं.

तुझे काका म्हनत्यात, "सोड की. दुसरीकडं भांडी घास, चार पैसे येतील." मी म्हनलं, भांडी घासायला लाज न्हाई. पन मी नोकरी सोडली न्हाई, आन् मी सोडली असं दुसऱ्यानं लिवायचं न्हाई.

निलेश सरांची गाडी माझ्यासमोरनं जाते. काच वर आसते.

मला येवढंच सांग. अर्ज कुनाला करायचा, त्यात काय लिवायचं. तुझं नाव मी कुनाफुडं घेनार न्हाई, भिऊ नको. पन एक इचारते. हे तू मला जे लिवलंस, ते त्या सरकारी साहेबाफुडं तोंडानं सांगशील का?

रंजना

*

तळेगाव,
२६ फेब्रुवारी २०२४

मावशी,

दर महिन्याच्या सत्तावीस तारखेला पीएफ ऑफिसचे अधिकारी ठिकठिकाणी बसतात. कोणीही जाऊन समोर तक्रार देऊ शकतं, वकील लागत नाही. मार्चमध्ये ते तळेगावात येणार आहेत. त्या दिवशी सगळ्याजणी या.

अर्ज मराठीत चालतो. गोल गोल लिहू नका. मी अमुक वर्षापासून अमुक ठिकाणी काम करते. मी नोकरी सोडलेली नाही. ३१ डिसेंबर ही तारीख खोटी आहे. मला नवीन कंपनीचं पत्र मिळालेलं नाही. जागा, मालक, काम तेच आहे. एवढं पुरे. प्रत्येकीने वेगळा अर्ज द्या, एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या नकोत. पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, अंबाजीच्या सह्यांची वही, जे जे असेल ते आणा. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद हातातून सोडायचा नाही. पोच म्हणून शिक्का मागायचा. "नंतर पाठवतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

सह्या केलेल्यांपैकी कोणाचे पैसे आलेत ते बघ. ज्यांचे नाहीत त्यांनी अर्जात "मी सही मागे घेते" असं लिहावं.

तू जे शेवटी विचारलंस, त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. अपेक्षाचं शेवटचं वर्ष आहे. घराचा हप्ता आहे. मला थोडा वेळ दे.

समीक्षा

*

औंढे,
३० मार्च २०२४

समीक्षे,

वेळ दिला व्हता. आता काय ते दिसलं.

सत्तावीसला आमी आठीजनी लोनावळ्याहून सकाळच्या गाडीनं आलो. कस्तुराबाई आल्या, त्यांचा पाय सुजलेला, तरी आल्या. सगळ्यात वाईट सरूबाईचं झालं. तिचे पैसे फेब्रुवारीतच आले आन् दवाखान्यात गेले पन. तिचा अर्ज काय घेत्यात न्हाई आसं सगळ्या म्हनत व्हत्या, तरी ती आली.

हॉलमधी पयल्यांदा तूच दिसलीस. मागच्या रांगेत, काशीद साहेबांच्या शेजारी, मांडीवर फाइल. निलेश सर त्यांच्या पलीकडं. मी तुझ्याकडं बघितलं, तू फाइलीत डोकं घातलंस.

साहेब म्हनून एक मॅडम व्हत्या, शांत बाई. माझा नंबर आला.

"नाव?"

"रंजना मारुती केदारी."

"नोकरी कधी सोडली?"

"सोडली न्हाई."

"या फॉर्मवर एकतीस डिसेंबर लिहिलंय."

"फॉर्मनं सोडली आसंल, मॅडम. मी न्हाई सोडली."

मागं कुनीतरी हसलं. मॅडम न्हाई हसल्या. त्यांनी निलेश सरांना फुडं बोलावलं. ते म्हनले, या बाईंना समजत नाही, त्या नवीन कंपनीकडे गेल्यात, जुनी सेवा संपली. मी पिशवीतनं सव्वीस जानेवारीचं सर्टिफिकेट काढलं. मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "लाँड्री विभागातील ज्येष्ठ कर्मचारी, नऊ वर्षांच्या अखंड सेवेबद्दल." मग इचारलं, "ही सही कुणाची?"

निलेश सर म्हनले, "ते कार्यक्रमापुरतं होतं, मॅडम."

"सेवा एकतीस डिसेंबरला संपली आणि सव्वीस जानेवारीला अखंड होती?"

मग कस्तुराबाई बसल्या जागेवरनं म्हनल्या, "आन् डबा पन कार्यक्रमापुरताच दिला का? परत नेऊ का?" सगळा हॉल हसला. मॅडमनी तोंडाफुडं कागद धरला.

पन मग त्या म्हनल्या, "हे एकीचं झालं. त्रेचाळीस फॉर्म आहेत. ते कोणी भरले, कधी भरले?" निलेश सरांनी काशीद साहेबांकडं हात केला. काशीद साहेब उठून म्हनले, "क्लायंटनी दिलेल्या माहितीवरून ऑफिसात भरले जातात. स्टाफ भरतो. नेमकं सांगता येणार नाही."

तवा मी तुझ्याकडं बघितलं. सगळ्या हॉलात ते सांगनारी तू एकटी व्हतीस. तू मान वर केली न्हाईस.

मी तुझं नाव घेतलं न्हाई. शब्द दिला व्हता. अर्जावर शिक्के घेतले, सरूबाईचा पन दिला, त्याच्यावर शिक्का मारायला कारकून नको म्हनत व्हता तर आमी आठीजनी त्याच्या टेबलाभोवती उभ्या राहिलो. मग गाडीची येळ झाली म्हनून निघालो.

आता पत्र लिवू नको. तुझ्या कामात अडचन व्हईल.

रंजना

*

तळेगाव,
४ एप्रिल २०२४

मावशी,

तू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मांडीवरच्या फाइलमध्ये क्लायंटचे कागद नव्हते. माझा स्वतःच्या हाताने लिहिलेला जबाब होता, दोन पानांचा. तीन दिवस तो पर्समध्ये घेऊन फिरत होते. तू बोलत होतीस तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचत होते. मॅडमनी "कोणी भरले" असं विचारलं तेव्हाच उठायला हवं होतं. नाही उठले. तुझ्याकडे बघितलं असतं तर तिथेच रडले असते, म्हणून बघितलं नाही.

तुम्ही गेल्यावर साहेब म्हणाले, "चल, संपलं. बायकांची हौस झाली."

हौस! कस्तुराबाईंचा तो सुजलेला पाय मी दारातून जाताना बघितला होता. मी उठले आणि टोकनच्या खिडकीकडे चालायला लागले. साहेबांनी विचारलं, "कुठे निघालीस?" म्हटलं, "रांगेत."

एकसष्ट नंबर मिळाला. तासभर उभी होते. ते दोघं बाहेर गाडीपाशी थांबले होते, साहेबांचे सात फोन येऊन गेले. शेवटी मॅडमसमोर बसले आणि म्हटलं, त्रेचाळीस फॉर्म मी भरले. १९ डिसेंबरला. नोकरी सोडल्याची तारीख तेव्हाच टाकली होती. माणसांनी राजीनामा द्यायच्या बारा दिवस आधी त्यांचे राजीनामे माझ्या अक्षरात तयार होते. आणि त्याआधी आलेल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, कोणी बदलायला सांगितलं, तेही लिहून आणलं आहे.

त्या म्हणाल्या, "हे तुमच्यावरही येऊ शकतं, कळतंय ना?"

मी म्हटलं, "कळतंय. माझं नाव पहिलं लिहा."

त्यांनी मला पेन दिलं आणि प्रत्येक पानावर सही करायला सांगितली. त्यांच्या समोर, पूर्ण नाव.

बाहेर साहेब एवढंच म्हणाले, "तुला वाढवलं मी." मी म्हटलं, "साहेब, काम तुम्ही शिकवलंत, ते मी विसरणार नाही. म्हणूनच कुठे चुकलं ते मला नीट सांगता आलं." त्यांनी ऑफिसची किल्ली मागून घेतली. मी रिक्षाने घरी आले.

अपेक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मी शिकवण्या घेईन, तू रडू नकोस." मी रडत नव्हते. आधी रडले होते, आता नाही.

ढच्या पोटातला ठिपका त्यांनी पुरावा म्हणून नोंदवून घेतला. तुझ्याकडची माझी ती दोन्ही पाकिटं लागतील, सांभाळून ठेव.

समीक्षा

*

औंढे,
१६ जून २०२४

समीक्षा बाळ,

तुझं एप्रिलमधलं पत्र आलं तवा मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या काकांनी इचारलं, काय झालं. म्हनलं, मी पोरीला चुकीचं वाचलं. मार्चमधलं माझं पत्र इसरून जा. पन "तुझ्या कामात अडचन व्हईल" हे जे लिवलं व्हतं ते खरं ठरलं, येवढं मातर लक्षात ठेव आन् मावशीला हस.

पाकिटं घेऊन मी सोता मॅडमकडं गेलते. मग चौकशीला मानसं आली, दोन दिस रिसॉर्टवर बसून व्हती. लाँड्रीचं रजिस्टर, पगाराची शीट, गेटची वही, सगळं मागितलं. अंबाजीनं माझी वही पन खरी हाय म्हनून सांगितलं. त्याला मी भीती वाटली का इचारलं, तर म्हनला, "वाटली. पन तुमी सत्तावन्न दिस दगडावर बसला, मी खुर्चीवर व्हतो. मला लाज वाटत व्हती."

त्या तिन्ही कंपन्यांचा पत्ता एकच निघाला, निलेश सरांच्या मेव्हन्याचा फ्लॅट. चौकशी अजून संपली न्हाई, म्हनं लय महिने चालंल. पन रिसॉर्टवाल्यांनी सोताहून लिवून दिलं की सोडल्याच्या तारखा चुकून पडल्या. चुकून! त्रेचाळीस येळा! असू दे. नोकरी अखंड धरली, जानेवारीपासनचा पीएफ भरला. मशीननं माझा अंगठा घेतला. मी कामशेतला जाऊन पीएफचं पासबुक काढून बघितलं. एप्रिलअखेर साडेनऊ झाली, समीक्षे. आता ती कुनाच्या बापाला पुसता यायची न्हाईत.

तू कामशेतला झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे पीएफचे कागद करून द्यायला टेबल टाकलंस ते कळलं. आमच्या लाँड्रीतल्या तिघी आन् पवनानगरच्या दोन पोल्ट्रीतल्या बाया तुझ्याकडं येनार हायेत. त्यांना पयलं इचार, कधीपासनं काम करता. पैशाचं नंतर इचार. मला कुनी आधी इचारलंच न्हाई.

आता सरूबाईचं. तिला कारकुनानं सांगितलं, पैसे उचलले म्हंजी सेवा संपली, काही व्हत न्हाई. ती एक्कावन्नची हाय. नव्यानं दहा वर्सं मोजली तर अठ्ठावन्नच्या आत बसत न्हाईत. सगळ्यांचं झालं आन् तिचं राहिलं, आन् पयली सही तिनं केली कारन तिला गरज व्हती. मॅडम म्हनल्या, तारीख खोटी ठरली तर उचललेले पैसे परत भरून सेवा जोडता येते का ते वर इचारावं लागंल, लिवून द्या. आमी सातजनी दर महिन्याला थोडं थोडं बाजूला काढायचं ठरवलंय. ते पैसे भरायची येळ आली तर तयार पाहिजेत. सरूबाई नको म्हनत व्हती, तिला गप केली.

येत्या सत्तावीसला आमी पुन्हा चाललोय. अर्ज तू लिव, ह्या बारीला तुझं नाव घालून, आन् आमच्याबरोबर फुडच्या रांगेत बस.

काल सरूबाईला मी इचारलं, "आन् न्हाईच म्हनले तर गं?" ती चादर घडी करत व्हती. म्हनली, "न्हाई म्हनले तर त्यांनी तसं लिवून द्यायचं. खाली सही करायची, तारीख टाकायची. खरी तारीख. मग त्यांच्या वरचा कोन हाय त्याच्याकडं जाऊ."

तुझी मावशी,
रंजना